घरे बांधून देणाऱ्या संस्थेला स्थानिक बिल्डरने मदत कशी करावी?

प्रश्न (थोडक्यात): नाशिकमध्ये पाथर्डी फाटा परिसरात आमची भागीदारी फर्म गेली बारा वर्षे लहान-मध्यम गृहप्रकल्प करते. गरीब कुटुंबांना घरे बांधून देणाऱ्या आणि पडकी घरे दुरुस्त करून देणाऱ्या एका नोंदणीकृत स्थानिक संस्थेने आमच्याकडे मदत मागितली आहे. दरवर्षी ठरावीक रकमेचा धनादेश द्यावा, साईटवर उरलेले साहित्य द्यावे, की दोन-तीन घरे आम्हीच बांधून द्यावीत? कायदा आणि कर यांच्या दृष्टीने काय सांभाळावे?

उत्तर:

मी स्थापत्य अभियंता असून गेली सव्वीस वर्षे नाशिक जिल्ह्यात बांधकामावर देखरेख करतो. त्यांपैकी सतरा वर्षे अशाच एका संस्थेच्या घरकुलांचे तांत्रिक काम मी विनामूल्य पाहिले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की धनादेश जरूर द्यावा, पण त्यासोबत आपला एक साईट इंजिनिअर, आपले खरेदीचे दर आणि सेंट्रिंगचे (स्लॅब ओतताना खाली आधार देणाऱ्या प्लेटा-टेकूंचे) सामान ठरलेल्या दिवसांसाठी संस्थेला लेखी करार करून द्यावे. घरे आपण परस्पर बांधू नयेत आणि घर कोणाला मिळावे, हे ठरवण्यात तर मुळीच पडू नये.

असे का म्हणतो, हे आमच्याच एका चुकीवरून सांगतो. निफाड तालुक्यातील एका गावात आम्ही एका विधवा बाईंचे दोन खोल्यांचे घर बांधले होते. देणगीदाराने पैसे पूर्ण दिले होते आणि ठेकेदारही प्रामाणिक होता. पाया मात्र त्याने नेहमीच्या सवयीने दोन फूट घेतला, आणि मी त्या आठवड्यात साईटवर गेलो नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून जोत्यापर्यंत तिरकी भेग गेली. पाहायला गेलो तेव्हा त्या बाईंनी भेगेत करंगळी घालून दाखवली आणि म्हणाल्या, “साहेब, उन्हाळ्यात बोट जातं, पावसाळ्यात आपोआप मिटतं.” काळ्या मातीचे इतके अचूक वर्णन मी कुठल्याही अहवालात वाचलेले नाही. पाणी मिळाले की ही माती फुगते, सुकली की आकसते, आणि तिच्यावर उथळ बसवलेले हलके घर दरवर्षी तिच्याबरोबर वरखाली होते. चार मजली इमारतीपेक्षा एक मजली घरकुलाला हा त्रास अधिक होतो, कारण मातीचा फुगवटा दाबून ठेवण्याइतके वजनच त्या घराला नसते. त्या जागी मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा घट्ट थर, सहा फुटांवर होता. खड्डा घेऊन पाहायला एक मजूर आणि अर्धा दिवस लागला असता.

आपला साईट इंजिनिअर हे काम डोळे मिटून करतो. जागेच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्यायचे, मुरूम किती खोल आहे ते पाहायचे. तो आवाक्यात असेल तर पाया तिथपर्यंत न्यायचा आणि फारच खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलसारखा (तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) पर्याय घेऊन वर जोत्याला बीम द्यायचा. पायाभोवती काढलेली काळी माती परत न भरता मुरूम भरायचा आणि भिंतीलगत चहूबाजूंनी दोन-तीन फुटांची फरशी किंवा काँक्रीटची पट्टी करायची, म्हणजे छपराचे पाणी पायात मुरत नाही. यांतील एकही गोष्ट आपल्याला नवी नाही. संस्थेकडे मात्र बहुधा समाजकार्याचे शिक्षण घेतलेले कार्यकर्ते असतात. ते कुटुंबाला उत्तम ओळखतात, पण ठेकेदाराने दाखवलेला खड्डा पुरेसा आहे की नाही, हे त्यांना कळत नाही. आपला माणूस प्रत्येक घरासाठी चार वेळा जागेवर गेला, म्हणजे पायाच्या खोदाईला, जोत्याला, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर आणि पाणी मारण्याच्या काळात, तरी घर वाचते. मी संस्थेच्या जागी असतो तर या चार भेटी आधी मागितल्या असत्या आणि धनादेश नंतर.

दुसरी गोष्ट खरेदीची. आपण सिमेंट ट्रकच्या हिशेबाने घेता, संस्था वीस-तीस गोण्यांच्या हिशेबाने घेते. गोणीमागे तीस-चाळीस रुपयांचा फरक सहज पडतो; सळई, वाळू आणि खडीतही तेच. सुमारे २७० चौरस फुटांच्या घराच्या नुसत्या स्लॅबला पंचवीस-तीस गोण्या सिमेंट लागते, त्यामुळे दहा घरांचे काम असेल तर केवळ आपल्या दराने माल मिळाल्यामुळे होणारी बचत मोठी असते. यासाठी आपण माल विकत घेऊन देण्याची गरज नाही. आपल्या डीलरला सांगावे की संस्थेच्या नावे बिल करा, पण दर आमचा लावा. सेंट्रिंगचेही असेच आहे. इतक्या स्लॅबला तीन बाय दोनच्या पन्नास-साठ प्लेटा आणि त्याप्रमाणे टेकू पुरतात, तेही दहा-पंधरा दिवस. एका साईटवरचे काम संपून दुसरीकडचे सुरू होईपर्यंत आपल्या प्लेटा कित्येकदा नुसत्या रचून पडलेल्या असतात. संस्थेला मात्र भाड्याच्या प्लेटा मिळेपर्यंत काम थांबवावे लागते, आणि मे महिन्यात थांबलेले काम दसऱ्यापर्यंत लांबते.

गवंडी हाही सध्या तसाच प्रश्न झाला आहे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामे शहरात आणि त्र्यंबकेश्वरकडे चालू असल्यामुळे चांगला गवंडी मोठ्या कामावर जातो आणि दोन खोल्यांच्या घरकुलासाठी कोणी लवकर मिळत नाही. आपल्या ठेकेदाराची एक जोडी वर्षातून दोन महिने चालू मजुरीने संस्थेच्या कामावर लावून दिली, तर ती मदत कित्येक लाखांच्या तोडीची ठरेल. चालू मजुरीने, हे मुद्दाम म्हणतो. बिल्डरच्या दानासाठी गवंड्याने कमी दरात राबावे, अशी अपेक्षा मी पाहिली आहे आणि ती मला कधीच पटली नाही.

आता पैशाविषयी. संस्थेकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकांना शासनाचे घरकुल मंजूर झालेले असते. ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेचे मूळ साहाय्य सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आहे, शहरात स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपयांपर्यंत मिळतात; याशिवाय शबरी, रमाई यांसारख्या राज्याच्या घरकुल योजना आहेत. अडचण अशी की हे पैसे हप्त्यांनी येतात आणि पुढचा हप्ता मागचा टप्पा बांधून झाल्यावर, त्याचा फोटो चढल्यावर मिळतो. म्हणजे जोते बांधायला आधी कुटुंबाच्या हातात पैसे हवेत, आणि ते नसल्यामुळेच तर कुटुंब झोपडीत राहते. मग सावकार येतो, किंवा काम जोत्यावर थांबते. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत गवत उगवलेली अशी जोती मी मोजली नाहीत इतकी पाहिली आहेत. आपला धनादेश थेट एखाद्या घराच्या नावे देण्यापेक्षा संस्थेकडे फिरत्या निधीच्या रूपाने ठेवला, त्यातून जोत्यापर्यंतचे साहित्य कुटुंबाला उधार मिळाले आणि हप्ता आल्यावर ते पैसे परत निधीत जमा झाले, तर तीच रक्कम एका हंगामात दोनदा-तीनदा वापरली जाते. सगळे पैसे परत येणार नाहीत. आजारपण येते, हप्ता वर्षभर अडकतो. त्यासाठी निधीचा काही भाग बुडीत धरूनच चालावे आणि वसुलीसाठी कुटुंबावर दबाव आणू नये, हे संस्थेशी आधीच बोलून ठेवावे.

उरलेल्या साहित्याबद्दल मी थोडा कठोर आहे. फ्लॅटच्या उरलेल्या टाइल्स, चांगल्या अवस्थेतील दरवाजे-खिडक्या, विजेच्या वायरची न फोडलेली बंडले, पाण्याच्या टाक्या जरूर द्याव्यात. त्यांचा उपयोग होतो. परंतु तीन महिन्यांहून जुने सिमेंट, तुकड्यांत उरलेली गंजकी सळई आणि पाडकामातील अर्धी वीट देऊ नये. मागे एका साईटवरून जूनच्या पहिल्या आठवड्यात चाळीस गोण्या सिमेंट मोठ्या मनाने आमच्याकडे आले. ठेवायला कोरडी जागा नव्हती, पावसाळ्यात काम नव्हते, आणि गणपतीनंतर त्यांतल्या निम्म्या गोण्यांचा दगड झालेला होता. तो उचलून टाकायचा खर्च संस्थेला पडला. देण्याआधी यादी पाठवावी आणि संस्थेला ‘नको’ म्हणता येईल असे संबंध ठेवावेत.

‘दोन-तीन घरे आम्हीच बांधून द्यावीत का’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण आपण बांधलेले घर नकळत फ्लॅटसारखे होते. पेठकडच्या पाड्यावर कारवीच्या कुडाचे घर सोडून पक्क्या घरात येणाऱ्या कुटुंबाला नागली-वरईची कणगी ठेवायला जागा लागते, चार महिन्यांच्या पावसासाठी सरपण कोरडे ठेवायला पडवी लागते, आणि चुलीचा धूर बाहेर जायला वाट लागते. एका देणगीदाराने मोठ्या हौसेने ग्रॅनाइटचा ओटा असलेले स्वयंपाकघर बांधून दिले होते. गॅसची टाकी परवडेना म्हणून घरच्या बाईंनी चूल मागच्या बाजूला प्लास्टिकच्या कागदाखाली मांडली आणि ओट्यावर अंथरुणे रचली. नकाशा काढण्याआधी त्यांच्याजवळ तासभर बसले असते तर तेवढ्याच पैशांत पडवी झाली असती. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर स्थलांतरित केलेल्या गावांत २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांच्या साच्यातील घरे उभी राहिली. त्यांपैकी अनेक देणगीदार संस्थांनी बांधली. ती भक्कम होती, पण सरळ रस्त्यांच्या कॉलनीसारख्या त्या वसाहतींत गुरे, अवजारे आणि भाऊबंदांचा शेजार यांना जागा शोधायला लोकांना पुढे कित्येक वर्षे लागली. नकाशा कुटुंबाने आणि संस्थेने मिळून ठरवावा; आपण पाया, दारे-खिडक्यांवरची लिंटलची पट्टी, स्लॅबची जाडी आणि पाण्याचा उतार यांवर मात्र तडजोड करू देऊ नये. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही जागतिक संस्था घर घेणाऱ्या कुटुंबाकडून श्रमदानाची अपेक्षा ठेवते. आमच्याकडेही कुटुंब खोदाई करते, पाणी मारते. काँक्रीटला सात-दहा दिवस पाणी कोण मारणार, हा प्रश्न अशा घरात कधी पडत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर पहिली काळजी आपल्याच बाजूची आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याप्रमाणे सदनिका घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवर खर्च करता येते. त्या खात्यातून एक रुपयाही देणगीत जाता कामा नये. देणगी भागीदारांच्या नफ्यातून, सर्वांच्या लेखी संमतीने द्यावी. सीएसआरचे, म्हणजे नफ्याचा काही भाग समाजकार्यावर खर्च करण्याचे, बंधन ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीला लागते, भागीदारी फर्मला नाही. त्यामुळे आपली मदत ही निव्वळ ऐच्छिक आहे. आयकरातील ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची वजावट पैशाच्या देणगीलाच मिळते. वस्तूंच्या रूपातील देणगीला मिळत नाही आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यासही मिळत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्या व्यक्तीला ती नाही, फर्मची गोष्ट वेगळी आहे. आपल्या सीएला हे विचारून मगच देणगी फर्मच्या नावे की व्यक्तिशः, हे ठरवावे.

संस्थेच्या बाजूने सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्त कार्यालयातील नोंदणी, विश्वस्तांच्या बदलांचे मंजूर अहवाल आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पाहावेत. हे मागण्यात संकोच बाळगू नये. चांगली संस्था ते विचारण्याआधीच दाखवते. जमीन देण्याचा विचार असेल तर फार जपून पावले टाकावीत. ले-आउटमधील खुली जागा आपली राहिलेली नसते, ती तेथील रहिवाशांची असते. गोदावरी, नासर्डी किंवा वाघाडीच्या पूररेषेतील, आपल्याला विकता न आलेला तुकडा गरिबाच्या माथी मारू नये. गोदाघाटावरच्या, पूर मोजायची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की नदीकाठच्या ज्या घरांत पाणी शिरते, त्यांत आणखी चार घरांची भर आपल्या नावाने पडू नये. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, हे महसूल संहितेतील कलम ३६अ संस्थेलाही लागू आहे. आणि एकदा जमीन न्यासाची झाली की ती विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून तिथे काय व्हावे हे बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहावे.

हितसंबंधांविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण चांगल्या मनाने सुरू झालेली कामे इथेच बिघडताना मी पाहिली आहेत. आपण मोठे देणगीदार झालात की विश्वस्त व्हा, असा आग्रह होईल. तो नम्रपणे नाकारावा, निदान आर्थिक सहीचा अधिकार घेऊ नये. संस्थेची कामे आपल्याच फर्मने नफा घेऊन करू नयेत. मोठ्या देणगीदाराला संस्थेकडून वाजवीपेक्षा जास्त मोबदला गेला तर संस्थेची करसवलत धोक्यात येते. ज्या वस्तीच्या जागेवर आपला प्रकल्प होण्याची शक्यता आहे, त्या वस्तीतील घरांच्या कामात तर कधीच मदतनीस म्हणून जाऊ नये. आपल्याकडे काम करणाऱ्या वॉचमनला घर मिळावे, ही इच्छा मी समजू शकतो, पण त्याने संस्थेकडे इतरांसारखाच अर्ज करावा. आणि ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावयाची २० टक्के घरे हे कायद्याने घातलेले बंधन आहे. पुढे आपले प्रकल्प त्या आकाराचे झाले तर ती घरे वेळेवर म्हाडाकडे द्यावीत आणि त्यांची गणना समाजकार्यात करू नये.

फर्मच्या नावाचा फलक घरावर लावावा का, हे आपण विचारले नाही, तरी तो प्रश्न येतोच. संस्थेच्या कार्यालयात किंवा वार्षिक अहवालात नाव येऊ द्यावे. घराच्या दारावर घरातील बाईचे नाव असावे, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या (घराच्या नोंदीच्या) उताऱ्यावरही तिचे किंवा दोघांचे नाव लागेपर्यंत संस्थेने पाठपुरावा करावा, यासाठी आपला आग्रह असावा. चावी देतानाच्या फोटोत गर्दी असते, उताऱ्यासाठी ग्रामपंचायतीत जायला कोणी नसते.

एक मदत आपण संस्थेशिवायही उद्यापासून करू शकता. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी मजुराला वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि नोंदणीकृत कामगारासाठी मंडळाच्या घरकुल साहाय्यासह अनेक योजना आहेत. सुरगाणा-हरसूलकडून आलेली जोडपी आपल्या साईटवर सहा-सहा महिने राबतात आणि हा एक कागद न मिळाल्यामुळे नोंदणीविना परत जातात. तो कागद आपल्या सहीचा आहे. त्याच साईटवर त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांना जोते, पाणी, वीज आणि बायकांसाठी कडीचे संडास आहेत की नाहीत, हे संस्थेशी बोलणी करण्याआधी एकदा स्वतः पाहून यावे. संस्थेचे कार्यकर्तेही ते पाहतातच.

वेळापत्रकाविषयी शेवटचे. पावसाळा सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास संस्थेबरोबर जागा पाहून खड्डे घ्यावेत, दिवाळीनंतर पाया सुरू करावा, स्लॅब अक्षय्य तृतीयेच्या आत पडावा, आणि मृग लागण्यापूर्वी दारे-खिडक्या बसाव्यात. करार तीन वर्षांचा करावा, त्यात किती घरे, किती भेटी, कोणत्या महिन्यात प्लेटा, निधी किती आणि कोणाशी बोलायचे, एवढे दोन पानांत लिहावे. सही करण्यापूर्वी मात्र संस्थेला सांगून तिने पाच वर्षांपूर्वी बांधलेली तीन घरे पाहावीत, आणि ती जुलैच्या पावसात पाहावीत. पायात चपला नसल्या तरी चालतील अशी जमीन कोरडी आहे का, भिंतीला ओल कुठपर्यंत चढली आहे, खिडकीच्या कोपऱ्यात भेग आहे का, आणि घरातील माणसे ज्या खोलीत बसायला सांगतात तीत छत गळते का, एवढे पाहिले की संस्थेला आपल्याकडून नेमके काय हवे आहे, ते आपल्याला तिथेच कळेल.